कलरिस्टकडे जाताना शॉटची ओळख

संकलन पक्के झाले की संकलक कलरिस्टकडे, म्हणजे चित्राच्या रंगांवर अंतिम हात फिरवणाऱ्याकडे, जी फाइल पाठवतो, तिच्यात चित्राची एकही फ्रेम नसते. अमुक नावाच्या क्लिपमधला अमुक टाइमकोडपासून (प्रत्येक फ्रेमला लागलेला तास, मिनिट, सेकंद व फ्रेमचा आकडा) अमुक टाइमकोडपर्यंतचा भाग उचलावा आणि तो कार्यक्रमात अमुक जागी बसवावा, अशा सूचनांची ती यादी असते. तिच्यात पत्ते असतात, घरे नसतात. कलरिस्ट आपल्या यंत्रणेवर कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइली लावतो, यादीतला एकेक पत्ता वाचतो आणि प्रॉक्सीवर, म्हणजे मूळ फाइलींच्या हलक्या प्रतींवर, झालेले सगळे संकलन मूळ फाइलींवर नव्याने उभे करतो. हे कन्फॉर्मचे काम पत्ते नीट असतील तर सहज उरकते, आणि पत्ते बिघडलेले असतील तर एकेक शॉट डोळ्यांनी शोधून हाताने बसवावा लागतो. तो सगळा वेळ ग्रेडिंगसाठी, म्हणजे प्रत्यक्ष रंगकामासाठी, राखून ठेवलेल्या वेळातूनच जातो.

या विषयावर बोलणे निघाले की पहिला प्रश्न हमखास असा येतो, की या यादीच्या प्रचलित स्वरूपांपैकी ईडीएल पाठवावी, एक्सएमएल पाठवावी की एएएफ. माझ्या मते हा नंतर विचारायचा प्रश्न आहे. त्याआधी हे पाहिले पाहिजे की प्रकल्पातली प्रत्येक क्लिप दुसऱ्या कोणत्याही क्लिपपासून वेगळी ओळखता येते का, आणि मूळ फाइल, प्रॉक्सी व संकलनाचे सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणी तिची ओळख एकसारखीच आहे का. ही ओळख तीन गोष्टींची बनलेली असते: रीलचे (क्लिप ज्या टेपवरून किंवा कार्डावरून आली त्याचे) किंवा फाइलचे नाव, स्रोताचा टाइमकोड आणि फ्रेम रेट (दर सेकंदाला किती फ्रेमा). या तिन्ही गोष्टी शाबूत असतील तर पन्नास वर्षांपूर्वीच्या धाटणीची साधी ईडीएलसुद्धा काम भागवते. त्या शाबूत नसतील तर अगदी आधुनिक स्वरूपाची फाइलही फक्त चुकीची माहिती अधिक तपशिलात वाहून नेते.

ओळख बिघडल्यावर नेमके काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. अनेक छोटे कॅमेरे प्रत्येक नव्या कार्डावर क्लिपची नावे पुन्हा सी०००१ पासून सुरू करतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या मूळ सेटिंगमध्ये टाइमकोडही शून्यापासून सुरू होतो. अशा कॅमेऱ्याची चार कार्डे भरली की सी०००१ नावाच्या चार क्लिपा तयार होतात आणि चारही क्लिपांमध्ये पाचवे सेकंद असते. कन्फॉर्म करणारे सॉफ्टवेअर यादीत वाचते की सी०००१ मधले पाचव्या सेकंदापासून आठव्या सेकंदापर्यंतचे चित्र हवे आहे. चारपैकी जी क्लिप त्याला आधी सापडते ती ते निमूटपणे जोडून टाकते. बऱ्याचदा कोणतीही लाल खूण दिसत नाही, कोणताही ठळक इशारा येत नाही. क्लिप सापडली नाही तर निदान टाइमलाइनवर ती गहाळ असल्याचे दिसते आणि माणूस शोधायला लागतो. चुकीची क्लिप बरोबर बसली तर ती दिग्दर्शक शेजारी बसलेला असताना लक्षात येते, आणि ती त्याच प्रसंगातला दुसरा टेक असेल तर कदाचित तेव्हाही येत नाही. म्हणून न सापडलेल्या क्लिपांपेक्षा चुकीच्या सापडलेल्या क्लिपांची मला जास्त धास्ती वाटते.

नावाचा मुद्दा ईडीएलमध्ये सर्वांत तीव्रपणे समोर येतो. सीएमएक्स ३६०० या नावाने ओळखली जाणारी ईडीएल टेपच्या काळात घडली. तिच्या प्रत्येक ओळीत घटनेचा क्रमांक, रीलचे नाव, चित्राचा की आवाजाचा मार्ग (ट्रॅक), कट की डिझॉल्व्ह (एक शॉट दुसऱ्यात विरघळणे), आणि मग चार टाइमकोड असतात: पहिले दोन स्रोताचे, पुढचे दोन कार्यक्रमाचे. त्या काळी रील म्हणजे कपाटात ठेवलेली टेप होती आणि तिला लहानसे नाव पुरत असे, म्हणून रीलच्या नावासाठी फक्त आठ अक्षरांची जागा ठेवलेली आहे. आता दोन कॅमेऱ्यांची नावे या चौकटीत बसवून पाहा. ॲरीच्या कॅमेऱ्यातली फाइल साधारणपणे 'ए००३सी००७' अशी सुरू होते आणि पुढे तारीख व कॅमेऱ्याची खूण येते. मूळ रोमन लिपीत मोजले तर हा पहिला तुकडा बरोबर आठ अक्षरांचा आहे; पुढचे सगळे कापले गेले तरी तिसऱ्या रीलमधली सातवी क्लिप एवढी ओळख शिल्लक राहते. रेडच्या कॅमेऱ्यातली फाइल 'ए००१_सी००१' अशी सुरू होते. इथे मध्ये एक खालची जोडरेघ (अंडरस्कोर) आली आणि एक जागा खाल्ली गेली, त्यामुळे आठ अक्षरांनंतर उरते ते 'ए००१_सी००'. म्हणजे त्या रीलमधल्या पहिल्या क्लिपपासून नवव्या क्लिपपर्यंत सर्वांचे नाव एकच झाले. एका जोडरेघेने एवढा घोटाळा होतो, आणि तो ईडीएल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून कोणतीही ईडीएल पाठवण्यापूर्वी ती उघडून दुसरा स्तंभ वरपासून खालपर्यंत वाचावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बहुतेक सॉफ्टवेअरांत लांब नावाच्या ईडीएलचा पर्याय असतो, आणि क्लिपचे पूर्ण नाव ओळीखाली टिप्पणी म्हणून लिहिण्याचाही असतो. हे दोन्ही पर्याय चालू ठेवावेत आणि समोरची यंत्रणा ते वाचते का हे कलरिस्टला विचारून घ्यावे.

ईडीएलच्या बाकीच्या मर्यादा सर्वश्रुत आहेत. तिच्यात चित्राचा एकच मार्ग असतो, घटनांचे क्रमांक तीन अंकी असल्यामुळे ९९९ च्या पुढे अडचण होते, चित्र किती मोठे केले किंवा कुठे सरकवले याची नोंद तिच्यात नसते. तरीही ती वापरात आहे, कारण ती माणसाला वाचता येते आणि हाताने दुरुस्त करता येते. अडलेल्या कन्फॉर्ममध्ये हा गुण फार मोलाचा ठरतो.

एक्सएमएलमध्ये पुष्कळ अधिक माहिती मावते: अनेक ट्रॅक, आकार व स्थान, वेगातले बदल, आणि प्रत्येक क्लिपच्या फाइलचा डिस्कवरील पूर्ण मार्ग. मात्र एक्सएमएल म्हटले म्हणजे एकच वस्तू नव्हे. फायनल कट प्रो ७ या संकलनाच्या सॉफ्टवेअरची जागा २०११ साली नव्या पिढीच्या फायनल कट प्रोने घेतली, परंतु त्या जुन्या सॉफ्टवेअरची एक्सएमएल आजही प्रीमियर प्रोमधून बाहेर पडते आणि अनेक ग्रेडिंग यंत्रणा तीच वाचतात. नव्या फायनल कट प्रोची एक्सएमएल वेगळ्या रचनेची आहे. ॲव्हिड या संकलनाच्या सॉफ्टवेअरकडून येणारी एएएफ हे तिसरेच स्वरूप, आणि ज्या प्रकल्पात सुरुवातीपासून टेपचे नाव व टाइमकोड नीट भरलेले आहेत तिथे तिचा अनुभव चांगला येतो. पिक्सारमध्ये सुरू झालेले आणि आता अकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली असलेले ओपनटाइमलाइनआयओ हे चौथे स्वरूपही हळूहळू सॉफ्टवेअरांत शिरत आहे. यांपैकी काय पाठवावे याचे उत्तर कलरिस्टच्या यंत्रणेवर अवलंबून असल्याने त्याच्याशी बोलूनच ठरवावे. माझी पद्धत अशी की एक्सएमएल किंवा एएएफ मुख्य म्हणून द्यायची आणि तिच्या सोबत, मागितली नसली तरी, ईडीएलही द्यायची.

एक्सएमएलमधल्या फाइलच्या मार्गाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तो मार्ग संकलकाच्या डिस्कवरचा असतो आणि कलरिस्टकडे ती डिस्क नसते, त्यामुळे प्रत्यक्ष जोडणी पुन्हा नाव आणि टाइमकोड यांवरच येऊन ठेपते. शिवाय मार्गातली रिकामी जागा आणि रोमन नसलेली अक्षरे संकेतांमध्ये बदलून लिहिली जातात. देवनागरीत नाव दिलेल्या फोल्डरचा मार्ग एक्सएमएलमध्ये टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतो. आपल्या भाषेत फोल्डरांना नावे देण्याची इच्छा मला समजते, परंतु मूळ फुटेज आणि प्रॉक्सी यांच्यापुरते तरी रोमन अक्षरे, अंक आणि खालची जोडरेघ एवढ्यावरच भागवावे. देवनागरीला प्रकल्पातल्या बिनमध्ये (क्लिपांच्या कप्प्यांत) आणि टिपणांच्या स्तंभांत मोकळे रान आहे.

ओळख टिकवण्याचे काम एक्सपोर्टच्या दिवशी सुरू होत नाही, ते कार्ड उतरवण्याच्या क्षणी सुरू होते. कार्डावरची रचना जशी आहे तशी, सगळ्या उपफोल्डरांसह उतरवावी, आणि प्रत्येक कार्डासाठी वेगळे, पुन्हा कधीही न येणारे फोल्डरनाव ठेवावे. केवळ चित्राच्या फाइली उचलून बाकीचा 'कचरा' मागे सोडण्याची सवय अनेकांना असते. तो कचरा काय असतो ते पाहिले पाहिजे. सोनीच्या छोट्या कॅमेऱ्यात सी०००१ या चित्राच्या फाइलीशेजारी सी०००१एम०१ नावाची एक इवलीशी एक्सएमएल फाइल असते. क्लिप कोणत्या गॅमामध्ये (उजेड-अंधार नोंदवण्याच्या वक्ररेषेत) आणि कोणत्या रंगव्याप्तीत चित्रित झाली याची नोंद तिच्यात सापडू शकते. रेडच्या क्लिपच्या फोल्डरात आरएमडी विस्ताराची फाइल असते आणि ब्लॅकमॅजिक रॉच्या शेजारी साइडकार, म्हणजे जोडफाइल, असू शकते. सेटवर छायाचित्रकाराने रॉसाठी (सेन्सरवरून आलेल्या कच्च्या चित्रासाठी) निवडलेले आयएसओ, व्हाइट बॅलन्स असे निर्णय त्यांत असतात. काही किलोबाइटांच्या या फाइली वगळून कुणाची डिस्क आजवर वाचलेली नाही. उतरवताना चेकसम (फाइलीतल्या माहितीवरून काढलेली तिची अंकी खूण) तपासणारे साधन वापरावे आणि त्याची यादी फुटेजसोबतच ठेवावी, म्हणजे पुढे प्रतीची प्रत झाली तरी फाइल तीच आहे हे सिद्ध करता येते.

मूळ फाइलींची नावे बदलू नयेत, हा नियम सगळे सांगतात आणि तरीही तो मोडला जातो, कारण 'पाऊस, टेक ३' हे नाव 'सी००१२' पेक्षा संकलकाला अर्थातच सोयीचे वाटते. ती सोय संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रसंग, टेक आणि वर्णन यांच्या स्तंभांत करून घ्यावी. क्लिपचे दिसणारे नाव प्रकल्पात बदलले तर फाइलचे नाव बदलत नाही, परंतु काही सॉफ्टवेअर ईडीएलमध्ये हे दिसणारे नावच लिहितात आणि मग कलरिस्टला 'पाऊस, टेक ३' नावाची फाइल शोधत बसावे लागते. ज्या कॅमेऱ्यांची नावे पुन्हा पुन्हा तीच येतात त्यांच्याबाबत एकच अपवाद मला मान्य आहे: संकलन सुरू होण्यापूर्वी, प्रॉक्सी बनण्यापूर्वी, कार्डाचा क्रमांक नावाच्या आधी जोडून सगळ्या फाइलींना एकदाच आणि एकाच पद्धतीने नवे नाव द्यावे, जुन्या व नव्या नावांची यादी जपून ठेवावी आणि इथून पुढे हीच मूळ फाइल मानावी. जोडफाइल शेजारी असेल तर तिचेही नाव सोबतच बदलले पाहिजे. नाव न बदलता तोच परिणाम साधायचा असेल तर कार्डाच्या फोल्डरचे नाव रीलचे नाव म्हणून वापरता येते. डाविंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाच्या सेटिंगमधून रीलचे नाव फाइलच्या नावावरून घ्यावे, मार्गातल्या फोल्डरवरून घ्यावे की फाइलीत नोंदलेले वाचावे, हे ठरवता येते. संकलक आणि कलरिस्ट या दोघांनीही एकच पर्याय निवडलेला असला पाहिजे. तो कोणता याला फारसे महत्त्व नाही.

टाइमकोडबाबत छायाचित्रण विभागाशी चित्रीकरणापूर्वी बोलता आले तर उत्तम. घड्याळाच्या वेळेवर चालणारा टाइमकोड असेल तर एका दिवसातल्या दोन क्लिपांचा टाइमकोड एकाच कॅमेऱ्यात सहसा सारखा येत नाही, आणि रेकॉर्डिंगबरोबर पुढे सरकणारा असेल तर कार्डागणिक तासाचा आकडा बदलून तोच हेतू साधता येतो. ड्रोन, छोटे ॲक्शन कॅमेरे आणि फोन यांच्याकडून बहुधा यातले काहीच मिळत नाही. फोनचा आणखी एक उपद्रव असा की त्याचा फ्रेम रेट बऱ्याचदा स्थिर नसतो. पुढची फ्रेम ठरलेल्या अंतराने येईलच याची खात्री नसते, आणि टाइमकोड हे मुळात फ्रेमा मोजण्याचे साधन असल्यामुळे अशा फाइलीवर दोन सॉफ्टवेअरांची मोजणी जुळत नाही. या साऱ्या फाइली संकलनात घेण्यापूर्वीच प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरसारख्या स्वरूपात, प्रकल्पाच्या स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्याव्यात, त्यांना एकमेवाद्वितीय नाव व टाइमकोड द्यावा, आणि कलरिस्टला याच फाइली मूळ म्हणून द्याव्यात. ज्या फोनमधून दहा बिट किंवा लॉगमध्ये (रंगकामाला वाव ठेवणाऱ्या फिकट चित्राच्या पद्धतीत) चित्रण झाले असेल त्याच्या बाबतीत रूपांतरही तेवढ्याच खोलीचे असावे, एवढे पथ्य पुरे.

फ्रेम रेट हा ओळखीचा तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. संथ गतीसाठी ५० फ्रेमांनी चित्रित केलेली क्लिप घ्या. २५ च्या टाइमलाइनवर ती निम्म्या वेगाने चालावी म्हणून संकलक सॉफ्टवेअरला सांगतो, की ही क्लिप २५ फ्रेमांची समज. चित्र अपेक्षेप्रमाणे संथ होते आणि सगळे खूश होतात. पण क्लिपच्या सुरुवातीपासून शंभरावी फ्रेम ५० च्या हिशेबाने दोन सेकंदांवर येते, तर २५ च्या हिशेबाने चार सेकंदांवर. संकलकाच्या यादीत चार सेकंद लिहिलेले असते. कलरिस्टच्या यंत्रणेवर तीच क्लिप अजून ५० ची असल्यामुळे ती चार सेकंदांवर जाऊन दोनशेवी फ्रेम उचलते. शॉट सापडतो, नाव जुळते, आणि पडद्यावर भलताच क्षण दिसतो. उपाय दोन आहेत. एकतर वेगाचा बदल टाइमलाइनवर वेग म्हणून करावा, म्हणजे तो यादीत स्वतंत्रपणे नोंदला जाईल. किंवा क्लिपचा अर्थ बदलायचाच असेल तर अशा सर्व क्लिपा वेगळ्या फोल्डरात ठेवून कलरिस्टला लेखी कळवावे, म्हणजे तो जोडणीपूर्वी त्याच्याकडेही तोच बदल करील. २९.९७ फ्रेमांच्या कामात ड्रॉप फ्रेम आणि नॉन-ड्रॉप यांचा गोंधळही याच जातीचा आहे: ड्रॉप फ्रेममध्ये दर मिनिटाला, प्रत्येक दहावे मिनिट सोडून, दोन आकडे गाळले जातात आणि तासाला १०८ आकड्यांचा फरक पडतो. फ्रेम एकही गळत नाही, फक्त आकडे गळतात; आणि यादी तर आकड्यांचीच असते.

प्रॉक्सी बनवताना या तिन्ही गोष्टी मूळ फाइलीतून प्रॉक्सीत गेल्या पाहिजेत. संकलनाच्या किंवा ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमधूनच प्रॉक्सी बनवल्या तर हे बहुधा आपोआप होते. घाईत एखाद्या फुकट रूपांतर साधनातून बनवल्या तर टाइमकोडचा ट्रॅक गळून पडू शकतो आणि प्रत्येक प्रॉक्सी शून्यापासून सुरू होते. एफएफएमपेग वापरणाऱ्यांना टाइमकोड आणि मेटाडेटा (फाइलीविषयीच्या नोंदी) पुढे नेण्याचे आदेश स्पष्टपणे देता येतात, पण निकाल तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. तपासणी सोपी आहे: मूळ फाइल आणि प्रॉक्सी मीडियाइन्फो किंवा एफएफप्रोबमध्ये उघडावी, सुरुवातीचा टाइमकोड, फ्रेम रेट आणि एकूण फ्रेमांची संख्या ताडून पाहावी. प्रत्येक कॅमेऱ्याची निदान एक क्लिप अशी पाहिली तर बहुतेक गडबडी पहिल्याच दिवशी उघड्या पडतात. प्रॉक्सीचा आकार मूळ चित्राच्या निम्मा किंवा पाव असेल आणि संकलकाने चित्र मोठे करून जागा बदलली असेल, तर ते आकडे मूळ फाइलीवर लावताना चित्र भलतीकडे सरकण्याचा धोकाही असतो. प्रॉक्सी स्वतंत्र क्लिप म्हणून आत न आणता सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रॉक्सी व्यवस्थेतून मूळ क्लिपला जोडल्या तर हा प्रश्न बराच आटोक्यात राहतो.

इथवर शॉट शोधण्यापुरत्या माहितीचे झाले. कलरिस्टला शॉट समजून घेण्यासाठी लागणारी माहिती निराळी असते: कोणता कॅमेरा, कोणता लॉग, किती आयएसओ, किती केल्व्हिन, कोणती लेन्स. रॉ फाइलीत यातले बरेचसे फाइलीसोबतच येते आणि ग्रेडिंगचे सॉफ्टवेअर ते वाचून योग्य रंगपरिवर्तन स्वतःच लावू शकते. रूपांतरित फाइलीत लॉगचे चित्र तसेच राहते, पण ते कोणत्या लॉगचे आहे हे सांगणारी पाटी पुष्कळदा नाहीशी होते. मग एस-लॉग ३ आणि व्ही-लॉग यांच्या फिकट, करड्या चित्रांत फरक करणे अंदाजावर येते. ॲरीचे उदाहरण यात बोलके आहे. लॉगसी ३ मध्ये एक्स्पोजर इंडेक्सनुसार (कॅमेऱ्यावर लावलेल्या संवेदनशीलतेच्या आकड्यानुसार) वक्ररेषा थोडी थोडी बदलते, त्यामुळे नेमके परिवर्तन करायचे तर तो आकडा माहीत असावा लागतो. २०२२ साली अलेक्सा ३५ बरोबर आलेल्या लॉगसी ४ मध्ये सर्व एक्स्पोजर इंडेक्सांसाठी एकच वक्ररेषा ठेवलेली आहे. एका प्रकल्पात दोन्ही लॉगचे कॅमेरे असतील आणि कुणी सगळे फुटेज एकाच प्रोरेस फोल्डरात ओतून दिले असेल, तर कलरिस्टचे पहिले काम ग्रेडिंग नसून छाननी हेच होणार.

ही माहिती फाइलीबाहेर जपण्याची उत्तम जागा म्हणजे एएलई किंवा साधा तक्ता. एएलई ही ॲव्हिडची नोंदींची फाइल. आत टॅबने विभागलेला साधा मजकूर असतो आणि त्यात नाव, टेप, सुरुवात, शेवट या स्तंभांच्या पुढे प्रसंग, टेक, कॅमेरा, आयएसओ, लेन्स असे हवे तेवढे स्तंभ जोडता येतात. सेटवर किंवा रोजच्या रशवर कुणी प्राथमिक ग्रेड केले असेल तर त्याचे सीडीएलचे आकडेही यातच बसतात. सीडीएलमध्ये लाल, हिरवा व निळा या प्रत्येकासाठी स्लोप, ऑफसेट आणि पॉवर असे नऊ आकडे आणि सॅच्युरेशनचा दहावा आकडा असतो; ईडीएलमध्येही ते टिप्पणीच्या दोन ओळींत लिहिता येतात. छायाचित्रकाराने सेटवर पाहून मान्य केलेले रूप त्या दहा आकड्यांत टिकते, मात्र ते कोणत्या लटच्या (रंग बदलण्याच्या तयार तक्त्याच्या) आधी किंवा नंतर लावायचे हे लिहिलेले नसेल तर आकडे असूनही उपयोग होत नाही. हा तक्ता स्प्रेडशीटमध्ये उघडून पुन्हा जतन करताना सावध राहावे: स्प्रेडशीट ००१ चे १ करते आणि प्रसंग १२-३ ला तारीख समजते. सगळे स्तंभ मजकूर म्हणून उघडणे एवढाच त्यावर इलाज.

टाइमलाइनची साफसफाई हा स्वतंत्र विषय आहे, पण ओळखीशी त्याचा थेट संबंध येतो. मल्टिकॅम क्लिप किंवा क्लिपांचा गठ्ठा करून बनवलेली नेस्ट टाइमलाइनवर राहिली तर यादीत नेस्टचे नाव जाते, आतल्या क्लिपचे नाव मागे पडते. म्हणून टाइमलाइनची प्रत काढावी, मल्टिकॅम मोडून निवडलेला कोन उरवावा, नेस्ट उघडाव्यात, बंद केलेल्या क्लिपा काढाव्यात आणि उरलेले शॉट शक्य तितक्या खालच्या मार्गावर आणावेत. स्थिरीकरणासारखे जे परिणाम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तसेच उतरत नाहीत, त्यांची टाइमकोडसह यादी द्यावी.

यावर कुणी म्हणेल की एवढा खटाटोप करण्यापेक्षा संपूर्ण कार्यक्रमाची एकच मोठी फाइल काढून द्यावी आणि कलरिस्टने ती कटांवर तोडून घ्यावी. छोट्या कामात, एकाच कॅमेऱ्याच्या आधीच रूपांतरित झालेल्या फुटेजवर, मी ही वाट वाईट मानत नाही. उच्च दर्जाची फाइल, वर लिखाण नाही, सोबत ईडीएल, एवढ्यात काम होते. मात्र त्या फाइलीत रॉ उरत नाही, शॉटच्या मागेपुढे जादा फ्रेमा उरत नाहीत, डिझॉल्व्हमधले दोन शॉट एकमेकांत मिसळूनच जातात, आणि प्रत्येक शॉटचा स्रोत टाइमकोड जाऊन सगळ्यांना कार्यक्रमाचा एकच टाइमकोड लागतो. त्यानंतर संकलनात बदल झाला तर आधीचे ग्रेड नव्या जागी नेण्यासाठी धरायला काही शिल्लक राहत नाही.

हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. पहिल्या कन्फॉर्मच्या वेळी मेटाडेटा नसला तर माणूस कष्ट करून शॉट जुळवू शकतो. पण संकलन 'पक्के' झाल्यावरही बदलतेच, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवी यादी येते तेव्हा कलरिस्ट जुन्या टाइमलाइनवरचे ग्रेड नव्या टाइमलाइनवर नेतो; रिझॉल्व्हमध्ये यासाठी कलरट्रेस नावाची सोय आहे. ती क्लिपचे नाव आणि टाइमकोड यांच्या आधारे ठरवते की हा तोच शॉट, फक्त सहा फ्रेमा लवकर सुरू होणारा. ओळख शाबूत असेल तर बदललेले शॉट आपोआप बाजूला निघतात आणि बाकीचे रंग जागच्या जागी बसतात. ओळख नसेल तर प्रत्येक नव्या यादीला पहिल्या वेळचे सगळे कष्ट पुन्हा पडतात.

सोबत एक संदर्भ फाइलही द्यायची असते: ज्या टाइमलाइनवरून यादी काढली तिचीच, त्याच फ्रेमपासून सुरू होणारी, आणि पडद्यावर कार्यक्रमाचा टाइमकोड, स्रोताचा टाइमकोड व क्लिपचे नाव छापलेली. ही अक्षरे चित्राच्या कडेला, महत्त्वाचे चेहरे झाकणार नाहीत अशी असावीत. कलरिस्ट ती कन्फॉर्म केलेल्या टाइमलाइनवर ठेवून दोन चित्रांतला फरक पाहतो. चुकीचा टेक बसला असेल तर तो इथे पकडला जातो, आणि छापलेले नाव वाचून बरोबर क्लिप लगेच शोधता येते.

या सगळ्याची रंगीत तालीम संकलन संपण्याची वाट न पाहता करावी. पहिला जोडलेला प्रसंग तयार झाला की त्याची यादी काढावी, रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत रिकामा प्रकल्प उघडावा, प्रॉक्सींची डिस्क काढून ठेवावी आणि केवळ मूळ फाइलींवर यादी लावून पाहावी. प्रॉक्सींची डिस्क काढणे महत्त्वाचे, नाहीतर सॉफ्टवेअर गुपचूप प्रॉक्सीच जोडते आणि सगळे छान झाल्याचा भास होतो. प्रत्येक कॅमेऱ्याचा, संथ गतीचा आणि ड्रोनचा निदान एकेक शॉट त्या प्रसंगात नसेल तर चाचणीसाठी म्हणून घालावा. जे तुटायचे ते इथे तुटते, आणि दुरुस्तीला वेळ असतो.

परतीचा प्रवास त्याच नियमांनी होतो. कलरिस्ट शॉटगणिक वेगळ्या फाइली काढून देणार असेल तर त्यांत स्रोताचा टाइमकोड आणि रीलचे नाव उतरवायला सांगावे, दोन्ही बाजूंना किती जादा फ्रेमा हव्यात ते आधी ठरवावे, आणि एकाच क्लिपचे दोन भाग कार्यक्रमात दोन ठिकाणी वापरलेले असतील तर दुसरी फाइल पहिलीवर लिहिली जाऊ नये म्हणून प्रत्येक फाइलीला वेगळे नाव देण्याचा पर्याय चालू ठेवायला सांगावे. परत आलेल्या फाइली मूळ फुटेजच्या फोल्डरात टाकू नयेत. नावे जवळजवळ सारखी असल्यामुळे पुढच्या वेळी जोडणी करताना सॉफ्टवेअर ग्रेड झालेल्या फाइलीलाच मूळ समजते आणि कलरिस्टला त्याचेच रंगवलेले चित्र पुन्हा रंगवायला मिळते.